‘अपघात’ या शब्दाचा आसरा

बर्री स्टँडर हा दक्षिण आफ्रिकेतील सायकलपटू ३ जानेवारी २०१३ रोजी मरण पावला, तेव्हा त्याला पंचवीस वर्षे पूर्ण होऊन चार महिनेही झाले नव्हते. या गोष्टीला एक तप उलटून गेले. तरी डोंगरी सायकलींच्या शर्यतींचा विषय जेथे निघतो तेथे त्याचे नाव अजून हळहळीने घेतले जाते. ही हळहळ खरी आहे, तिच्याविषयी आम्हांस शंका नाही. आमची तक्रार आहे ती तिला सापडलेल्या भाषेविषयी. अपघाती निधन, दैवाचा घाला, उमलत्या फुलाचे गळून पडणे, आवडते काम करीत असता आलेला मृत्यू, अशी ही भाषा आहे. ती वाचून वाचकाचे डोळे ओलावतात आणि त्याच क्षणी त्याच्या मनावरचा भारही उतरतो. दुःख झाले, अश्रू ढाळले, आता करावयाचे काही उरले नाही! नेमके हेच भार उतरणे आम्हांस मान्य नाही, आणि तेवढ्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम हा तरुण कोण होता हे सांगितले पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस क्रिकेटच्या धावा तोंडपाठ असल्या तरी या खेळाची ओळख नसावी. डोंगरी सायकल, जिला सर्वत्र माउंटन बाइक म्हणतात, ती १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात जन्मास आली. मरिन परगण्यातील काही हौशी तरुणांनी जाड टायरांच्या जुनाट सायकली डोंगरावर चढवून नेल्या आणि मातीच्या वाटेने भरधाव खाली सोडल्या. १९७६ पासून तेथे ज्या उताराच्या शर्यती होऊ लागल्या त्यांना ‘रिपॅक’ हे नाव पडले, त्याचे कारण मौजेचे आहे. एका उतारात मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हा चाक फिरावयाचे तर ते ग्रीस नव्याने भरावे लागे. अशा या पोरखेळाच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती १९९० मध्ये सुरू झाल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला मानाचे पान मिळाले. पुढे युरोपातील, विशेषतः स्वित्झर्लंड व फ्रान्समधील, स्वारांनी हा खेळ असा काही आपलासा केला की आल्प्सच्या सावलीत न वाढलेल्या माणसाने त्यात वर येणे हेच एक नवल होऊन बसले.

स्टँडर वाढला तो क्वाझुलू-नाताल प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर. हा उसाचा मुलूख. याच नातालच्या उसासाठी १८६० पासून गिरमिटिया मजूर भरून हिंदुस्थानातून जहाजे जात होती, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. या किनाऱ्यावरून निघालेला हा मुलगा २००८ मध्ये, एकविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. पुढील वर्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे तो तेवीस वर्षांखालील स्वारांचा जगज्जेता झाला. २०१० मध्ये कॅनडात मोंत-सेंत-आन येथे प्रौढ गटात त्याने कांस्यपदक घेतले. २०११ मध्ये क्रिस्टोफ साउझर या स्विस जोडीदारासह त्याने ‘केप एपिक’ जिंकली. ही आठ दिवसांची, सुमारे सातशे किलोमीटरची शर्यत दक्षिण आफ्रिकेच्याच मातीत भरते, पण ती जिंकणारा पहिला दक्षिण आफ्रिकी पुरुष स्टँडर ठरला. पुढच्या वर्षी त्याच जोडीने ती पुन्हा जिंकली. त्याच २०१२ च्या मार्चमध्ये पीटरमॅरिट्झबर्ग येथील जागतिक चषकाच्या फेरीत तो स्वकीयांच्या डोळ्यांदेखत पहिला आला. (होय, तेच पीटरमॅरिट्झबर्ग, जेथे १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवून देण्यात आले होते.) ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकच्या शर्यतीत, जेथे चेक स्वार कुलहावीने शुर्टरला अगदी अखेरच्या क्षणी मागे टाकले, तेथे स्टँडर पाचवा आला. त्याच वर्षी त्याचा विवाह झाला होता. पुढील वर्षीचे जागतिक अजिंक्यपद पीटरमॅरिट्झबर्गलाच भरणार हे ठरलेले होते. म्हणजे आपल्या प्रांतात, ओळखीच्या डोंगरावर, जगज्जेतेपदासाठी झुंजण्याची संधी त्याच्यापुढे आठ महिन्यांवर येऊन ठेपली होती.

जानेवारीच्या त्या दिवशी शेली बीच येथे, घराजवळच्या डांबरी रस्त्यावर, सरावास निघाला असता एका मिनिबस टॅक्सीची धडक बसून तो ठार झाला.

आता यावर जी विधाने केली जातात त्यांतील पहिले घेऊ. म्हणतात, धोक्याचा खेळ पत्करला की असे व्हावयाचेच. हे विधान इतक्या सहजपणे तोंडातून निघते की त्यातील खोटेपणा ध्यानात येत नाही. स्टँडरला खेळाने मारले नाही. निसरड्या दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून, उभ्या कड्यांवरून त्याने वर्षानुवर्षे सायकल हाकली आणि तो जिवंत राहिला. याचे कारण केवळ त्याचे कौशल्य नव्हे. ज्याला आपण धोक्याचा मार्ग म्हणतो तो माणसांनी विचारपूर्वक आखलेला असतो. स्वारांना तो शर्यतीपूर्वी फिरून पाहू देतात. दोन्ही बाजूंस पट्ट्या बांधलेल्या असतात. अवघड उतारावर धीटांसाठी एक आणि सावधांसाठी दुसरी अशा दोन वाटा ठेवलेल्या असतात. वळणावळणावर निशाण घेतलेला माणूस उभा असतो आणि औषधोपचाराची सोय असते. स्वार चुकणार, पडणार, हे गृहीत धरून ही सारी योजना केलेली असते. केप एपिकमध्ये तर जोडीतील दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांहून अधिक दूर जाता कामा नये असा नियमच आहे. डोंगर धोक्याचा खरा, पण तेथे माणसाच्या जिवाची कोणीतरी काळजी वाहिलेली असते. सपाट, डांबरी, सोज्ज्वळ दिसणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर ती कोणीच वाहिलेली नसते. कड्यावर सुरक्षित असलेला माणूस घराजवळच्या रस्त्यावर मरतो यात दैवाची विचित्र लीला पाहणाऱ्यांची आम्हांस कीव येते. लीला कसली? जेथे काळजी घेतली तेथे वाचला, जेथे घेतली नाही तेथे मेला, इतका हा उघड हिशेब आहे.

आणि हा हिशेब एकट्या स्टँडरचा नव्हे. त्याच्या दोनच वर्षे आधी, जानेवारी २०११ मध्ये, कार्ला स्वार्ट ही त्याच देशाची तेवीस वर्षांची सायकलपटू सरावाच्या वेळी ट्रकच्या धडकेने मेली. इटलीचा मिकेले स्कार्पोनी २०१७ मध्ये आपल्या गावाजवळ सराव करीत असताना एका व्हॅनखाली गेला. त्याचाच देशबांधव दाविदे रेबेल्लिन २०२२ मध्ये ट्रकखाली. यांपैकी एकही शर्यतीत मेला नाही. खेळाच्या माथी हे मृत्यू मारणे म्हणजे तापाने मेलेल्या सैनिकास रणांगणावर पडला म्हणण्यासारखे आहे.

दुसरा आसरा ‘अपघात’ या शब्दाचा. हा शब्द आमच्या भाषेत इतका रुळला आहे की त्याच्या पोटात काय आहे हे कोणी पाहत नाही. त्याच्या पोटात ‘घात’ आहे. विश्वासघात म्हटला की विश्वास मोडणारा कोणी आला. आत्मघात म्हटला की तो करणारा आला. घातपात म्हटला की पोलीस कर्त्याच्या शोधास निघतात. केवळ अपघात हाच असा घात आम्ही मानला आहे की ज्याला कर्ता नाही. तो ‘होतो’, कोणी ‘करीत’ नाही. मराठी व्याकरणाचा हा सोयीस्कर उपयोग वृत्तपत्रांतून रोज पाहावयास मिळतो: दुचाकीस ट्रकची धडक बसली, गाडीवरील ताबा सुटला, एकाचा जागीच मृत्यू झाला. ताबा सुटला म्हणजे कोणी सोडला, की एवढा वेग ठेवण्यास कोणी भाग पाडले, की रस्ताच असा बांधला होता की ताबा सुटावा? वाक्यात कर्ताच नसल्यामुळे प्रश्नालाही जागा राहत नाही. इंग्रजी भाषेतही ही खोड आहे; पण तेथे निदान कोणास तरी तिची लाज वाटली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००१ मध्ये आपल्या पानांतून तदर्थक ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द बंद करण्याचे ठरविले, कारण ज्यास अपघात म्हणतात त्यातील बहुतेक घटना आधी कळू शकतात आणि टाळता येतात. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच असे धोरण पत्करले होते की रस्त्यावरील एकही मृत्यू अटळ म्हणून स्वीकारावयाचा नाही. माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरणार नाही असे रस्ते बांधावयाचे. सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेल की डोंगरावरची वाट आखणारा शर्यतीचा व्यवस्थापक हेच करीत असतो.

स्टँडरच्या बाबतीत तर ‘अपघात’ हा शब्द न्यायालयानेही ठेवला नाही. टॅक्सीचालकावर खटला होऊन २०१४ मध्ये तो निष्काळजीपणाने घडलेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. न्यायालयाने ज्यास वध म्हटले त्यास स्मरणलेख दैवाचा घाला म्हणतात! आम्ही कायद्याच्या शब्दाचे फाजील भक्त नाही; परंतु येथे कायदा काव्याहून अधिक सत्यनिष्ठ आहे हे कबूल केले पाहिजे.

तथापि येथेच थांबून त्या चालकाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांच्या पंक्तीसही आम्ही बसणार नाही. त्या देशातील सुखवस्तू लोकांच्या तोंडी टॅक्सीवाला म्हणजे मूर्तिमंत राक्षस असतो. त्याच्या बेफिकिरीच्या कथा खऱ्याही असतील; पण तो कोठून आला हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वर्णभेदी राज्यकर्त्यांनी १९५० च्या वसाहत-विभागणी कायद्याने आणि तत्सम कायद्यांनी काळ्या माणसांस शहराबाहेर दूर नेऊन वसविले. काम शहरात, बिऱ्हाड कोसांवर, आणि सरकारी बस व आगगाड्या अपुऱ्या. ही पोकळी छोट्या टॅक्सींनी भरून काढली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने या धंद्यावरील बंधने सैल केली आणि मग नियमनही नाही व साहाय्यही नाही अशा स्थितीत तो बेसुमार वाढला. मार्गांच्या मालकीवरून गोळीबार झाले, माणसे मेली. आज त्या देशात सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक याच टॅक्सींनी जातात. चालकास बहुधा ठरलेला पगार नसतो. मालकास रोजची वा आठवड्याची ठराविक रक्कम पोचवावयाची आणि वर उरेल त्यावर संसार चालवावयाचा. जितक्या फेऱ्या अधिक तितके पोट भरलेले. अशा माणसास सावकाश चालव म्हणून उपदेश करणे म्हणजे त्यास अर्धपोटी राहा म्हणणे आहे. त्याचा गुन्हा याने धुऊन निघत नाही. ज्याने चाक धरले होते त्याला न्यायालयाने जाब विचारला हे योग्यच झाले. परंतु ज्यांनी ही फेऱ्यांची शर्यत लावून दिली आणि ज्यांनी सायकलस्वारास व या टॅक्सीस एकाच पट्टीत सोडून दिले, त्यांना कोणी जाब विचारला? एका माणसास शिक्षा होऊन प्रकरण मिटले. रस्ता निर्दोष सुटला.

स्टँडरच्या मृत्यूनंतर दक्षिण आफ्रिकेत ठिकठिकाणी सायकलस्वारांनी जमून स्मृतिफेऱ्या काढल्या. त्याच वर्षी वेस्टर्न केप प्रांताने सायकलस्वारास मागे टाकताना मोटारवाल्याने अंतर राखले पाहिजे असा नियम केला. चांगले झाले, मात्र तो मेला तो प्रांत हा नव्हे. शिवाय नियम कागदावर राहतो तो रस्त्यावर कसा उतरावयाचा, हा प्रश्न आम्हां हिंदी लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या फेऱ्यांविषयी आणखी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. त्या देशात दरवर्षी अकरा ते चौदा हजार माणसे रस्त्यांवर मरतात आणि त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पायी चालणारी असतात. पहाटे कामास निघालेली मोलकरीण, अंधारात महामार्ग ओलांडणारा मजूर, शाळेची मुले. त्यांच्यासाठी फेरी निघत नाही. स्टँडर गोरा होता, कीर्तिमान होता, त्याच्या सायकलीचे मोल मोठे होते. म्हणून त्याचे मरण जगाने पाहिले. यात त्याचा काय दोष? काहीच नाही. पण त्याचे स्मरण जर त्याच्या वैभवापुरते राहिले, तर ज्या रस्त्याने त्याला मारले तोच रस्ता रोज ज्यांना मारतो त्यांच्याशी त्याचे असलेले नाते आम्ही तोडून टाकतो. त्या दिवशी शेली बीचच्या रस्त्यावर तो जगज्जेता नव्हता. मोटारीच्या काचेतून पाहणाऱ्यास तो कडेने जाणारा एक सायकलवाला होता, आणि सायकलवाल्याची किंमत मोटारीच्या काचेतून किती दिसते हे आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या दाराशी मोटार आहे त्यांनी स्वतःशीच विचारून पाहावे.

कोणी म्हणेल, आफ्रिकेतील कथा आम्हांस कशाला? एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात आज सायकलवाला जीव मुठीत धरून जातो, हे म्हणणाऱ्यास दिसत नाही काय? भारताच्या रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. एका मध्यम शहराची वस्ती वर्षभरात नाहीशी व्हावी तसे हे आहे; आणि या आकड्यावर एखादा अग्रलेख लिहून आम्ही पुढच्या विषयाकडे वळतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत पाम बीच मार्गावर, इंटेल कंपनीच्या भारतातील कारभाराचे माजी प्रमुख अवतार सैनी हे सायकलीवरून जात असता मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने मृत्यू पावले. ते अडुसष्ट वर्षांचे होते, स्टँडर पंचविशीतला. ते हौसेने सायकल चालवीत, स्टँडर पेशाने. प्रसंग मात्र जणू कार्बनी कागद घालून उतरून काढला आहे: टॅक्सी, डांबरी रस्ता, आणि वृत्तपत्रांत अपघाती निधन. आमच्या सुशिक्षित घरांतून आज मुलांस गिअरची डोंगरी सायकल हौसेने घेऊन देतात. ती चार दिवस इमारतीच्या आवारात फिरते आणि मग गॅलरीत टांगली जाते, कारण फाटकाबाहेर पाठविण्याची आईबापांची छाती होत नाही. ती भीती रास्त आहे. परंतु त्याच घरातील मोटार जेव्हा त्या फाटकातून बाहेर पडते तेव्हा दुसऱ्याच्या मुलाला भिण्याचे कारण आपणच होतो, हा विचार त्या मोटारीत क्वचितच बसलेला असतो.

काही सहृदय माणसे आम्हांस विचारतील की मृताच्या स्मरणप्रसंगी हा रस्त्यांचा आणि टॅक्सींचा वाद कशासाठी? शोकाला शोकासारखे राहू द्यावे. आम्ही विचारतो, कोणाच्या शोकाला? आईबापांच्या व पत्नीच्या शोकावर बोलण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि आम्ही त्यावर एक अक्षरही लिहिलेले नाही. आमचा रोख आहे तो जगाच्या शोकावर, म्हणजे ज्यांना तो शोक फारसा महाग पडत नाही त्यांच्यावर. डोंगरकड्यावर मेलेल्या गिर्यारोहकाविषयी लिहिताना दोराचा दर्जा कसा होता हे आपण विचारतो. रुग्णालयात बाळंतीण दगावली तर दाई कोण होती हे विचारतो. रस्त्यावरच्या मरणाविषयीच असा प्रश्न असभ्य का ठरावा? आमचा तर्क असा की, तो प्रश्न विचारला असता उत्तरात आपलेही नाव निघेल ही धास्ती त्या सभ्यतेच्या मुळाशी आहे.

ज्याने स्टँडरचे स्मरण आमच्या मते योग्य रीतीने केले तो त्याचा जोडीदार साउझर. स्टेलनबॉश नगराजवळ कायामांडी नावाची काळ्या वस्तीची वसाहत आहे. द्राक्षबागांच्या श्रीमंत प्रदेशाला लागून असलेली, पण त्या श्रीमंतीचा वारा न लागलेली. तेथील सोंगो फिपाझा या मित्रासह साउझरने २००८ मध्ये मुलांसाठी एक संस्था काढली होती. मुलांना सायकली मिळाव्या, फिरविण्यास सुरक्षित जागा मिळावी, शाळेचा अभ्यास सुटू नये, असे तिचे साधे काम. स्टँडर व साउझर केप एपिक जिंकत होते ते या संस्थेचे नाव अंगरख्यावर घालून. ज्या वस्तीतून पहाटे टॅक्सी भरून माणसे शहरास जातात तशाच वस्तीतील मुलांच्या हाती सायकल देण्याचा हा उद्योग आहे. म्हणजे मघाशी आम्ही जे नाते म्हटले ते तोडण्याचा नव्हे, जोडण्याचा. स्टँडर गेल्यावर साउझरने काम सोडले नाही. मार्च २०१३ मध्ये, मृत्यूस तीन महिनेही झाले नसता, तो पुन्हा केप एपिकला उभा राहिला. संघाचे नाव ‘बर्री स्टँडर–सोंगो’ असे ठेवले होते. जोडीदार म्हणून त्याने बरोबर घेतला तो यारोस्लाव कुलहावी. आदल्या ऑगस्टमध्ये लंडनला जो पहिला आला आणि ज्याच्या मागे स्टँडर पाचवा आला, तोच हा. एका परदेशस्थ प्रतिस्पर्ध्याने मृताचे नाव छातीवर घेऊन आठ दिवस आफ्रिकेची धूळ खाल्ली, आणि ती शर्यत त्या दोघांनी जिंकली.